रंग तू येऊन सांग

उज्ज्वला डुंबरे यांनी ओतूरच्या शाळेत एकतीस वर्षं भूगोल शिकवला आणि दर वर्षी टुंड्रा प्रदेश एका तासात उरकला. फळ्यावर त्या तीन ओळी लिहायच्या. कडाक्याची थंडी. गोठलेली जमीन. शेवाळ व दगडफूल. तेवढ्यात घंटा व्हायची.

२०४३ सालच्या जूनच्या अखेरीस, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी, त्या ग्रीनलंडच्या पश्चिमेला असलेल्या डिस्को बेटावर बोटीतून उतरल्या, धक्क्यावरून दहा पावलं वर चढल्या आणि थबकल्या.

"काय झालं?" त्यांच्या कोपराला धरून अर्धं पाऊल मागे उभ्या असलेल्या सरांनी विचारलं.

"अहो, इथे फुलं आहेत."

"असणारच. उन्हाळा आहे."

"तसं नाही हो. माझ्या पायापासून पार डोंगरापर्यंत फुलंच आहेत. पांढरी, पिवळी, जांभळी. मी एकतीस वर्षं पोरांना चुकीचं शिकवलं!"

सर मोठ्यानं हसले. "आणि डोंगर कसे आहेत?"

उज्ज्वलाबाईंनी मान वर केली. काळे, आडव्या पट्ट्यापट्ट्यांचे, एकावर एक पायऱ्या रचल्यासारखे कडे. वरच्या पायरीवर बर्फ होतं, एवढाच काय तो फरक. "आपलेच आहेत," त्या हळूच म्हणाल्या. "दुर्गवाडीच्या कड्यावरून दिसतात तसे. लाव्ह्याचे थर. सह्याद्रीसारखेच थरावर थर साचून झालेत. दोघांचं वयही जवळपास सारखंच, सहा कोटी वर्षांच्या आसपास."

सहा वर्षं त्यांचं हे असंच चाललं होतं. त्यांचे यजमान शशिकांत डुंबरे, म्हणजेच सर, जुन्नरच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचे. सारं आयुष्य डोंगरातली फुलं पाहण्यात गेलं आणि निवृत्तीनंतर काचबिंदूनं दोन्ही डोळे नेले. पहिले चार महिने ते घराबाहेर पडले नाहीत. एके दिवशी उज्ज्वलाबाईंनीच त्यांना रिक्षात घालून हटकेश्वराच्या पायथ्याशी नेलं आणि म्हटलं, "मला सांगता येत नाही, पण मी सांगते. काहीतरी पिवळं आहे." सर म्हणाले, "पाकळ्या किती? पानाची कड साधी की करवती? देठाला लव आहे?" त्या चिडल्या, मग वाकल्या, मग मोजू लागल्या. वर्षभरात त्यांना सोनकीच्या जाती वेगळ्या सांगता येऊ लागल्या. त्यांचं कोपर आणि सरांचा हात यांची एक जोडी झाली, आणि सरांना जे जे दिसलं ते त्यांच्या तोंडून दिसलं.

धक्क्यावर त्यांना न्यायला रेश्मा तांबोळी आली होती. ओतूरचीच मुलगी. शाळेत बाईंची विद्यार्थिनी, कॉलेजात सरांची, आणि आता इथल्या संशोधन केंद्रात फुलं आणि भुंगे यांचा अभ्यास करणाऱ्या गटाची प्रमुख. तीच त्यांना बोलावून घेणारी. वाकून नमस्कार करता करता ती म्हणाली, "सर, उद्या तुम्हांला एक गंमत दाखवते."

"दाखव. मी बघतो," सर म्हणाले, आणि तिघंही हसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी केंद्रामागच्या माळावर रेश्मानं सरांच्या उजव्या हातात एक पातळ काळा हातमोजा चढवला. त्याच्या बोटांवर बारीक लव होती, मांजराच्या कानावर असते तशी.

"सर, तुम्ही आम्हांला फुलाचा रंग, गंध, आकार शिकवलात. पण फूल विजेचंही असतं," ती सांगू लागली. "निरभ्र दिवशीही हवेत थोडा विद्युतभार असतो. फुलाची मुळं ओल्या मातीत असतात, त्यामुळे मातीचा ऋण भार देठातून वर पाकळ्यांच्या टोकांपर्यंत येतो. प्रत्येक फुलाभोवती त्याच्या घडणीप्रमाणे एक अदृश्य वलय तयार होतं. आठ पाकळ्यांचं वेगळं, घंटेचं वेगळं. भुंगा उडतो तेव्हा त्याच्या अंगावर उलट भार साचतो आणि त्याच्या केसांना हे वलय जाणवतं. केस हलतात. आपल्याला हे कळायला कितीतरी वर्षं लागली, त्याला जन्मापासून ठाऊक असतं."

"आणि हा मोजा?"

"भुंग्याच्या केसांची नक्कल. यावरची लव हलली की आत बोटांवर तसंच थरथरतं. फुलाला हात लावायचा नाही. एक वीत वर धरायचा."

सर गुडघ्यांवर बसले. रेश्मानं त्यांचा हात धरून एका फुलावर नेला आणि सोडला. वारा मंद होता. मग त्यांचे ओठ हलू लागले, पूर्वी भिंग घेऊन पाकळ्या मोजताना हलायचे तसे.

शेजारी वाकलेल्या उज्ज्वलाबाई सवयीनं सांगू लागल्या, "पांढरं आहे हो, आठ पाकळ्या—"

"माहीत आहे गं!" सर म्हणाले. "आठ! बशीसारखं पसरट! मध्ये पुंकेसरांची गर्दी! ड्रायस आहे हा, रेश्मा, ड्रायस! आयुष्यभर पुस्तकात बघितला."

त्यांच्या आवाजात राग नव्हता, नुसता आनंद उतू जात होता. तरीही उज्ज्वलाबाईंनी तोंड मिटलं.

रेश्मा म्हणाली, "आता मोजा नसलेलं बोट आत घाला. हळूच." सरांनी डाव्या हाताची करंगळी फुलाच्या वाटीत टेकवली आणि चकित झाले. वाटी कोमट होती. ते फूल दिवसभर सूर्याकडे तोंड करून फिरतं, ऊन वाटीत गोळा करतं, आणि गारठलेले भुंगे तिथे शेकायला येऊन बसतात, असं रेश्मानं सांगितलं. मग तिनं खरं काम सांगितलं. उत्तरेत आता उन्हाळा लवकर येतो. फुलं पंधरा दिवस आधीच उमलतात, पण भुंगे जमिनीतून आपल्या जुन्या वेळेवर निघतात. कोणती फुलं भुंग्याची वाट पाहून कोमेजतात हे शोधायला तिला साऱ्या खोऱ्यात अशीच लव लावलेल्या काठ्या रोवायच्या होत्या. अडचण एकच होती. भुंगा बसून गेला की फुलाचं वलय मिनिटभर बदलतं, हे काठ्यांना आणि मोज्याला जोडलेल्या यंत्राला कळायचं, पण फूल कोणतं हे मात्र कळायचं नाही. दहातली चार ते चुकवायचं.

"आम्ही मोजा घालून यंत्राला शिकवायला जातो, पण आमचं लक्ष डोळ्यांकडेच," ती म्हणाली. "मला असा माणूस हवा होता ज्याला फुलांची घडण पाठ आहे आणि जो बघणार नाही."

"म्हणजे माझं आंधळेपण तुझ्या कामी आलं!"

"तसंच समजा, सर," रेश्मा म्हणाली. ती शाळेतही असंच सरळ बोलायची.

पुढचे आठ दिवस सर सकाळी सातला निघायचे ते जेवायला यायचे. पहिल्या दिवशी चार फुलं ओळखली, तिसऱ्या दिवशी अकरा, आठव्या दिवशी बावीस. ते नावं सांगत होते, मोजा ती पाठ करत होता. खोऱ्यातली पायवाट त्यांना काठीनं चाचपत एकट्यानं चालता येऊ लागली, कारण दोन्ही कडांना फुलं होती आणि रिकामी मधली पट्टी मोज्याला बरोबर समजायची. जेवताना ते भरभरून बोलायचे. "अगं, आज एक फूल धडधडत होतं! नुकताच भुंगा उठून गेलेला! तुम्हां डोळसांना हे कधी दिसलं असतं?"

"नाही," उज्ज्वलाबाई म्हणायच्या.

त्या अतिथीगृहाच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत बसून राहायच्या. अतिथीगृह नाया सांभाळायची. नाया इथलीच, साठीची, बुटकी आणि तुकतुकीत गालांची. तिची इंग्रजी आणि उज्ज्वलाबाईंची इंग्रजी साधारण सारखीच मोडकी असल्यामुळे दोघींचं छान जमायचं.

नवव्या दिवशी नाया हात पुसत म्हणाली, "आमचा उन्हाळा दोन महिन्यांचा. त्यातला एक आठवडा तू खिडकीत घालवलास. चल."

डासांसाठी डोक्यावर जाळीच्या टोप्या घालून दोघी निघाल्या. ओढ्याच्या काठानं वर चढत नाया एकेक गोष्ट दाखवत गेली. गुडघ्यालाही न पोचणारं विलोचं झाड, जे तिच्या आजीच्या लहानपणीही एवढंच होतं. वाळूत उगवलेलं, गडद गुलाबी चार पाकळ्यांचं फूल, ज्याच्या इथल्या नावाचा अर्थ 'तरुण मुलगी'. उज्ज्वलाबाई पाहत होत्या. पण दर थोड्या पावलांनी थांबून मोठ्यानं म्हणत होत्या, "पुढे दगड आहे. उजवीकडून घ्या."

"काय म्हणालीस?" नायानं विचारलं.

"काही नाही," उज्ज्वलाबाई ओशाळल्या. मराठीतून कुणाला सांगत होत्या त्या? कोपराला कुणीच नव्हतं.

मग त्यांनी पाऊल जरा लांब टाकून पाहिलं. मग आणखी लांब. सहा वर्षं त्या दुसऱ्याच्या पावलानं चालल्या होत्या, खड्डा येण्याआधी थांबत, पायरी येण्याआधी बोलत. आपलं स्वतःचं पाऊल केवढं आहे हे त्या विसरूनच गेल्या होत्या. चढ संपला तेव्हा समोर एक लांबलचक मऊ उतार होता, उशांसारख्या गुबगुबीत हिरव्या ठिपक्यांचा, आणि प्रत्येक उशीवर गुलाबी फुलांची टाचणी-टाचणी नक्षी. उशा सोडून मधून वाळूची पट्टी खाली गेली होती. उज्ज्वलाबाईंनी साडीखालच्या विजारीचे पाय वर ओढले, पदर खोचला आणि पळत सुटल्या.

सदुसष्टाव्या वर्षी! जाळीची टोपी उडाली, बूट वाळूत रुतले, दोनदा बसकण मारली आणि तरी त्या पळतच खाली गेल्या. खाली पोचून मागे वळून पाहिलं तर नाया टाळ्या वाजवत होती.

संध्याकाळी सरांनी विचारलं, "आज काय केलंस?"

"काही नाही. नायाला बटाटे सोलून दिले."

इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनी पुष्कळ गोष्टी सांगायच्या टाळल्या होत्या, पण खोटं असं हे पहिलंच. त्या दिवसापासून सर खोऱ्यात गेले की त्या वर जायच्या. रोज. आणि रोज बटाटे सोलायच्या.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात न्याहारीला बसलेले असताना रेश्मा येऊन टेबलाशी बसली. "सर, चाळीस फुलं झाली. यंत्र आता दहातली नऊ बरोबर सांगतंय. तुम्ही पंधरा तारखेला न जाता ऑगस्टअखेरपर्यंत राहाल का? दोघंही."

उज्ज्वलाबाईंनी तोंड उघडण्याआधी सर म्हणाले, "मी राहतो. हिला मात्र ठरल्याप्रमाणे पंधराच्या बोटीनं जाऊ दे. पुण्याहून सुनंदा विमानतळावर न्यायला येईल."

सुनंदा म्हणजे बाईंची बहीण. सरांनी तिच्याशी बोलूनही ठेवलं होतं तर. रेश्मानं बाईंकडे पाहिलं. बाईंनी कप उचलला आणि त्या आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी दोघांचं कुआन्नितला जायचं आधीच ठरलं होतं. कुआन्नित ही गावाबाहेरची किनाऱ्याची वाट. एका बाजूला काळ्या खडकाचे षटकोनी खांब, एकाला एक चिकटून उभे, दुसऱ्या बाजूला समुद्रात तरंगणारे हिमनग, आणि मध्ये माणसाच्या कमरेएवढ्या उंचीची, सेलरीसारख्या वासाची रानभाजी. वाट सोपी होती, दगडांवर लाल ठिपके रंगवलेले. रेश्मानं वॉकीटॉकी बाईंच्या पिशवीत टाकला आणि दोघांना सोडलं.

तासभर दोघं चालत राहिले. सर मधूनमधून हात पसरून मोज्यानं फुलं ओळखत होते. शेवटी उज्ज्वलाबाई म्हणाल्या, "पंधरा तारखेचं मला आधी विचारायचं होतं."

"अगं, तुझ्यासाठीच म्हटलं. किती दिवस माझ्यामागे फिरणार आहेस?"

"मी मागे नव्हते. पुढे होते. सहा वर्षं पुढे होते."

"तेच तर."

"तेच तर काय? आता मोजा आला, माझी गरज संपली, एवढं सरळ सांगा ना!"

"गरज म्हणून का ठेवायचं मी तुला?" सरांचाही आवाज चढला.

उज्ज्वलाबाईंनी त्यांचा हात आपल्या कोपरावरून काढला, त्यांना एका सपाट दगडावर बसवलं आणि म्हणाल्या, "बसा इथे. भोवताली फुलंच फुलं आहेत. तुम्हांला माहीत आहेत सगळी." आणि त्या चालू लागल्या. आपल्या पावलानं, भराभर, मागे न बघता. रानभाजीच्या दाट गर्दीतून, दोन ओहोळ ओलांडून, रागाच्या भरात किती दूर आलो हे त्यांना कळलंच नाही.

थांबल्या तेव्हा हवा एकदम गार झाली होती. समुद्राकडे पाहिलं, तर हिमनग नव्हते. समुद्रही नव्हता. एक पांढरी भिंत पाण्यावरून सरकत आली आणि बघता बघता त्यांच्या अंगावरून पुढे गेली. आपल्याच बुटांपलीकडचं काही दिसेना.

त्यांनी वॉकीटॉकी काढला. रेश्माचा आवाज लगेच आला. "बाई, धुकं उतरलंय. जिथे आहात तिथेच थांबा दोघं. आम्ही निघतो."

"रेश्मा, तो मोजा धुक्यात चालतो का?"

"नाही. हवा ओली झाली की भार गळून जातो. सगळी वलयं विरतात, मोजा मुका होतो. पण तुम्ही आहात ना त्यांच्याजवळ?"

उज्ज्वलाबाईंनी मागे वळून धुक्याकडे पाहिलं. "नाही. मी त्यांना मागे सोडून आले."

खरखरीतून रेश्माचा आवाज आला. "कुठे?"

"खांबांच्या अलीकडे. दगडावर बसवलंय."

"तिथून वीस पावलांवर कडा आहे, बाई." रेश्मा आता सावकाश बोलत होती. "तुम्ही हलू नका. आम्हांला दीड तास लागेल."

उज्ज्वलाबाई हलल्या. वाकून, हातानं दगड चाचपत, लाल ठिपका दिसला की पुढचा शोधत. पहिला ओहोळ सापडला. दुसऱ्यात पाय घसरून त्या गुडघाभर पाण्यात बसल्या. मग ठिपके संपले. त्या ओरडल्या, "अहो!"

"उज्ज्वला!" उत्तर आलं. पण ते डावीकडून आलं, उजवीकडूनही आलं, वरूनही आलं. खडकाचे खांब तो आवाज इकडून तिकडे फेकत होते. पुन्हा हाक, पुन्हा तेच. दोन पावलं टाकली तर खाली लाटांचा आवाज फार जवळ लागला, म्हणून त्या तिथेच गोठल्या. आयुष्यात प्रथमच त्यांना डोळे असून काही दिसत नव्हतं.

मग हाका थांबल्या. आणि त्यांच्या जागी एक वेगळाच आवाज सुरू झाला. वर्गात शिकवताना लावायचे तसा, संथ आणि सलग.

"उज्ज्वला, ऐक. हाक मारली की घुमते, कळत नाही. मी बोलत राहतो. आवाज स्पष्ट होईल तिकडे ये. घाई करू नको. मी जागचा हलणार नाही. मोजा काढलाय, त्याचा उपयोग नाही. आता साध्या बोटांनी बघतोय. डाव्या हाताला एक फूल आहे. देठ दोऱ्याएवढा. फूल मान खाली घातलेलं, घंटेसारखं. कडेला पाच टोकं. धुक्याचे थेंब लागलेत. रंग मला ठाऊक नाही. रंग तू येऊन सांग!"

उज्ज्वलाबाईंनी एक पाऊल उजवीकडे टाकलं. आवाज बारीक झाला. मागे आल्या, डावीकडे वळल्या. स्पष्ट झाला.

"त्याच्या पलीकडे एक उशी आहे. गच्च, दाबली की दबते. तिच्यावर फुलं. एवढीशी, पाच पाकळ्यांची. मोजली, अठ्ठावीस झाली. अजून आहेत. रंग तू येऊन सांग! त्याच्या खाली काहीतरी केसाळ. पान नाही. कळी असावी. थांब, ही कळी हलतेय. अगं, भुंगा आहे हा! गारठून बसलाय बिचारा. सहा पाय आहेत, जिवंत आहे. याचा पण रंग सांग येऊन!"

त्या रडत होत्या आणि हसतही होत्या. आवाजाच्या दोरीला धरून पावलापावलानं पुढे सरकत होत्या. एकोणतिसावं, तिसावं फूल मोजून झालं तेव्हा पांढऱ्यातून आधी काठी दिसली, मग टोपी, मग दगडावर मांडी घालून, ओंजळीत काहीतरी धरून बसलेले सर.

"निळा," त्या म्हणाल्या. "घंटेचा निळा आहे. उशीवरची गुलाबी. आणि भुंगा काळा, अंगावर पिवळे पट्टे."

सरांनी भुंगा जपून फुलावर ठेवला आणि हात पुढे केला. "किती गार पडलीस. आणि भिजलीस कुठे?"

दोघं एका शालीत बसले. धुकं हलायला तयार नव्हतं. वॉकीटॉकीवर रेश्माला सांगून झालं, तिनं मोठा श्वास सोडलेला इकडे ऐकू आला.

बऱ्याच वेळानं सर म्हणाले, "मी परवा नायाला विचारलं, ही दिवसभर काय करते म्हणून. ती म्हणाली, धावते."

उज्ज्वलाबाई ओल्या बुटाची नाडी सोडू लागल्या.

"मला तू बटाटे सांगितलेस. मला वाटलं, माझ्यापासून सुटली की ही धावते. सहा वर्षं मी हिला बांधून ठेवलं. मग म्हटलं, जाऊ दे. मोकळी राहू दे."

"म्हणून सुनंदाला फोन?"

"म्हणून."

"मी सांगितलं नाही, कारण मला लाज वाटली," उज्ज्वलाबाई म्हणाल्या. "तुम्ही बरोबर नव्हता आणि मला आनंद झाला. असा झाला, की काय सांगू. त्याचीच लाज."

सर जरा वेळ बोटांनी शालीची कड चाचपत राहिले. "पहिल्या दिवशी मी 'माहीत आहे' म्हणालो, तेव्हा मलाही झाला होता. सहा वर्षांत पहिल्यांदाच काहीतरी तुझ्याआधी मला कळलं होतं! तू गप्प झालीस ते मला ऐकू आलं होतं गं. तरी मी थांबलो नाही."

"छान. दोघंही चोर."

सरांना हसू फुटलं आणि मग उज्ज्वलाबाईंनाही. खांबांवरून ते हसू परत परत येत राहिलं.

"किती उतार होता तो?" सरांनी विचारलं. "पडली नाहीस ना?"

"पडले की. दोनदा."

"मग नीट सांग. पहिल्यापासून."

त्यांनी पहिल्यापासून सांगितलं. ही गोष्ट त्या सरांचे डोळे होऊन सांगत नव्हत्या. ती त्यांची स्वतःची होती, आणि सर तोंड उघडं टाकून ऐकत होते.

धुकं विरलं आणि वाटेवर रेश्मा दोन सहकाऱ्यांसह धापा टाकत येताना दिसली. जवळ येऊन तिनं दोघांनाही आपादमस्तक न्याहाळलं आणि भडकली. "बाई, सहलीला रांग सोडली म्हणून तुम्ही मला शिवनेरीवर सगळ्यांसमोर उभं केलं होतं. आठवतं?"

"आठवतं," उज्ज्वलाबाई मान खाली घालून म्हणाल्या. "चुकलं."

पंधराची बोट गेली. उज्ज्वलाबाई गेल्या नाहीत. रेश्माला डोंगराच्या वरच्या पायऱ्यांवर काठ्या रोवायच्या होत्या आणि तिच्या माणसांना खोऱ्यातलंच काम पुरत होतं. उज्ज्वलाबाईंनी स्वतःहून नकाशा मागितला, उंचीच्या रेषांवर पेन्सिलीनं वाट आखली आणि नायाला घेऊन चढू लागल्या. आधी पहिली पायरी, मग दुसरी. काठी कुठे रोवली, जमीन कशी, उतार कुठल्या दिशेला, हे त्या शाळेतल्या अक्षरात वहीत लिहायच्या. खाली सर त्या काठ्यांची थरथर मोज्यावर घ्यायचे आणि फुलांची नावं सांगायचे.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात सरांनी एकदम हात वर केला. "दुसऱ्या पायरीवर, बाईंच्या सतराव्या काठीपाशी, आत्ता भुंगा येऊन गेला. काल आला, परवाही आला. शेजारच्या पायरीवर मात्र कुणीच नाही. असं का?"

उज्ज्वलाबाईंनी नकाशा पसरला. सतराव्या काठीच्या बरोबर खाली गरम पाण्याचे झरे होते. बेटावर असे झरे अनेक होते, हिवाळ्यातही न गोठणारे. भोवतालची माती उबदार, म्हणून तिथली भुंग्यांची घरटी लवकर जागी होत असणार. रेश्मानं चार दिवस खणून, मोजून पाहिलं. तसंच होतं. लवकर उमलणाऱ्या फुलांना लवकर उठणारे भुंगे भेटत होते, झऱ्यांच्या वरच्या प्रत्येक पायरीवर. म्हणजे सारीच फुलं भुंग्यावाचून राहत नव्हती. रेश्मानं त्या संध्याकाळी केंद्रातल्या सगळ्यांना बोलावलं, नायानं निळ्या रानबोरांचा केक केला आणि सरांनी दोन तुकडे खाल्ले.

ऑगस्ट संपत आला. माळ लाल झाला, उशा तपकिरी पडल्या, कापूसगवताचा कापूस उडून गेला. परतीला चार दिवस उरले होते. उज्ज्वलाबाई त्या दिवशी एकट्याच निघाल्या. काठ्या न घेता, वही न घेता. दुसरी पायरी ओलांडून त्या तिसऱ्यावर चढल्या, जिथे नायाही कधी थांबली नव्हती. वर नुसते दगड, वारा, आणि खाली सगळा समुद्र. एका कातळाच्या आडोशाला, दगडगोट्यांत, एक फूल अजून उमललेलं होतं.

त्या त्याच्याजवळ बसल्या. पाकळ्या मोजल्या नाहीत. पानाची कड पाहिली नाही. मनात कुणासाठी वाक्य जुळवलं नाही. थर्मासातला चहा संपेपर्यंत त्या नुसत्या त्या फुलाकडे बघत राहिल्या, आणि ऊन कलल्यावर उतरू लागल्या.

ओढ्यावरच्या पुलाशी सर उभे होते. पावलं ओळखून ते म्हणाले, "आज पुष्कळ उशीर केलास."

"तिसऱ्या पायरीवर गेले होते."

"एकटी? वा!" त्यांनी हात पुढे केला. "मग सांग."

चालता चालता त्यांनी सांगितलं. वारा कसा होता, हिमनग किती होते, समुद्राचा रंग कुठे बदलतो, उतरताना कोल्ह्याचं पिल्लू कसं आडवं गेलं. सर मध्ये मध्ये विचारत होते, हसत होते. अतिथीगृहाच्या पायरीशी आल्यावर ते थांबले.

"काहीतरी सांगायचं राहिलंय तुझं."

"राहिलं नाही," उज्ज्वलाबाई म्हणाल्या. "ठेवलंय."

सरांनी मान तिरकी करून क्षणभर ऐकलं, जणू त्या शांततेलाही पाकळ्या असाव्यात. मग ते खुशीत हसले आणि दार उघडून उज्ज्वलाबाईंना आधी आत जाऊ दिलं.